उपासनेतील जुने आणि नवे : अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळीचा अनुभव

सिद्धांताच्या ग्रंथातील एखादे प्रकरण बदलले तर मंडळीत फारशी खळबळ उडत नाही. प्रार्थनापुस्तकातील एक ओळ बदलली तर मात्र उडते. याचे कारण उघड आहे. सिद्धांताचे ग्रंथ थोडेच वाचतात, प्रार्थना मात्र सर्वांच्या मुखी असते. अँग्लिकन परंपरेतून निघालेल्या अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळीने हा अनुभव दोन शतके घेतला आहे. जुने राखणारे आणि नवे आणणारे यांचा झगडा, असा हा इतिहास बहुधा सांगितला जातो. परंतु तो बारकाईने पाहू लागलो की जुने कोणते आणि नवे कोणते, हेच प्रथम ठरवावे लागते.

सॅम्युएल सीबरी हे या मंडळीचे पहिले बिशप. राजनिष्ठेच्या शपथेवाचून इंग्लंडमध्ये त्यांना दीक्षा मिळणे शक्य नव्हते, म्हणून 1784 साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे ती झाली. तेथील बिशपांना त्यांनी वचन दिले की, स्कॉटिश प्रभुभोजनविधीचा आपण स्वदेशी पुरस्कार करू. त्या विधीत भाकर व द्राक्षारस यांवर पवित्र आत्म्याचे स्पष्ट आवाहन होते. इंग्लंडच्या 1662 च्या पुस्तकात ते नव्हते. 1789 साली फिलाडेल्फिया येथे पहिले अमेरिकन प्रार्थनापुस्तक मान्य झाले, तेव्हा हे आवाहन त्यात समाविष्ट झाले. पुढील पिढ्यांनी ज्याला वडिलोपार्जित ठेव मानले, त्याचा हा भाग त्या दिवशी इंग्लिश पुस्तकावर वाढलेल्या भाविकांना नवाच होता.

एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्ड चळवळीचे लोण अमेरिकेत पोहोचले. वेदीवरील मेणबत्त्या, धूप, रंगीत उपासनावस्त्रे यांवरून वाद पेटला. 1873 साली केंटकीचे सहायक बिशप जॉर्ज डेव्हिड कमिन्स बाहेर पडले व त्यांनी सुधारित एपिस्कोपल मंडळी स्थापिली. 1874 च्या महापरिषदेने पवित्र घटकांपुढे गुडघे टेकण्यासारख्या कृतींना आळा घालणारा नियम केला. प्रभुभोजनात ख्रिस्त खरोखर उपस्थित असेल तर त्याची आराधना अयोग्य कशी, अशी बाजू जेम्स डीकोव्हेन यांनी मांडली होती. पुढील वर्षी ते इलिनॉयचे बिशप निवडले गेले, परंतु मंडळीची संमती मिळाली नाही. तो नियम मात्र 1904 साली रद्द झाला आणि आज डीकोव्हेन यांचे नाव त्याच मंडळीच्या स्मरणदिनांत आहे. पुण्याच्या पंच हौद मिशनमुळे मराठी वाचकांस परिचित असलेले कौलीचे पाद्री याच प्रवाहातील होते. बॉस्टनमध्येही त्यांचे कार्य होते. नवाचार म्हणून ज्यांना दोष लागला, तेच पुढे परंपरेचे राखणदार ठरले.

सर्वांत तीव्र संघर्ष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. 1928 च्या पुस्तकाऐवजी नवे तयार करताना 1967 पासून एकामागून एक प्रायोगिक विधी मंडळ्यांच्या हाती आले. 1971 चे पुस्तक हिरव्या वेष्टनाचे होते, तर 1973 च्या पुस्तकाला पट्ट्यांमुळे लोक झेब्रा म्हणत. 1976 साली मिनिआपोलिस आणि 1979 साली डेन्व्हर अशा लागोपाठच्या दोन महापरिषदांच्या संमतीने नवे पुस्तक कायम झाले. त्यात जुन्या भाषेतील पहिला विधी आणि चालू भाषेतील दुसरा विधी, असे दोन्ही ठेवले होते. प्रभुभोजन ही रविवारची मुख्य उपासना ठरली. बाप्तिस्मा हाच मंडळीतील पूर्ण प्रवेश मानला गेला.

विरोधकांचा आक्षेप केवळ गोड जुन्या शब्दांपुरता नव्हता. क्रॅन्मर यांच्या काळापासून पापकबुलीत असलेले कठोर आत्मनिषेधाचे शब्द गळाले, मेजाजवळ येण्यापूर्वीची नम्रतेची प्रार्थना दुसऱ्या विधीत राहिली नाही. पापाची जाणीवच पातळ होत आहे, असे त्यांना वाटले. हा प्रश्न गंभीर होता आणि त्यास गंभीर उत्तर मिळावयास हवे होते. सुधारकांचे उत्तर असे की, आरंभीच्या मंडळीचा पुनरुत्थानाचा आनंद आम्ही परत आणीत आहोत. हिप्पोलितस याच्या नावावरील प्राचीन ग्रंथाचा त्यांना मोठा आधार वाटे. त्या ग्रंथाचा कर्ता, काळ व स्थळ यांविषयी पुढे अभ्यासकांनीच शंका घेतल्या. नव्यांचा आधारही जुन्याचाच, आणि तोही वाटला तितका पक्का नव्हे!

भाषेचा वाद मराठी वाचकास विशेष बोधप्रद वाटेल. देवास आम्ही ‘तू’ म्हणतो आणि त्यात अनादर मानीत नाही. इंग्रजीतील जुने एकवचनी संबोधनही मुळात असेच जवळिकीचे होते. बोलीतून ते लोपले आणि कालांतराने भारदस्त वाटू लागले. ते काढताच पुष्कळांना देव दूर गेल्यासारखा वाटला. शांतीच्या अभिवादनावरूनही कुरबूर झाली. हे अभिवादन हातोहात देण्याची रीत दक्षिण भारतीय मंडळीने 1950 च्या आपल्या विधीत, केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेवरून, अगोदरच घेतली होती; तो विधी जगभरच्या सुधारकांनी आदर्श मानला होता.

1977 साली सेंट लुईस येथे असंतुष्टांचा मेळावा भरला. स्त्रियांची याजकीय दीक्षा आणि नवे पुस्तक ही दोन्ही कारणे होती. त्यातून निघालेल्या मंडळ्यांत पुढे आणखी फुटी झाल्या. 2000 साली महापरिषदेने, स्थित्यंतराच्या काळात बेफिकीर वागणुकीने दुखावले गेलेल्यांची क्षमा मागितली. पुस्तक मागे घेतले नाही. वागणुकीचा दोष मात्र कबूल केला. 2018 साली ऑस्टिन येथे पुनरीक्षणाचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा 1979 चे पुस्तक राखून नव्या विधींना वाव देण्याचे ठरले.

त्या क्षमायाचनेस एकवीस वर्षे लागली, ही गोष्ट आमच्या मनास लागते. नारायण वामन टिळकांची पदे आज आम्हांस पूर्वापार वाटतात. विलायती चालींच्या गीतांशेजारी तीही एकदा नवीच होती. तेव्हा नव्याला भिण्याचे कारण नाही. पण पन्नास वर्षे एकच प्रार्थना म्हणत आलेल्या वृद्धेच्या हातातून पुस्तक घेताना, नवे का दिले हे तिच्या शेजारी बसून सांगणे हे पाळकाचे काम आहे. ते कोणत्याही समितीवर सोपविता येत नाही.