व्यसनी तरुण : गुन्हेगार की रुग्ण?

घरातील मुलगा गर्दच्या आहारी गेला आहे हे कळताच आईवडील प्रथम दार लावून घेतात. बदनामीचे भय असतेच. त्याहून मोठे भय पोलिसांचे असते. धर्मगुरू या नात्याने अशी बंद दारे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. म्हणूनच आपल्या शासनाने ह्या प्रश्नाकडे आजवर कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा इतिहास वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ह्या इतिहासाचा आरंभ अभिमानास्पद नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे व तिच्यावरील कराने ब्रिटिश सरकारची तिजोरी भरत असे. १८५७ आणि १८७८ चे अफूविषयक कायदे झाले, ते अफूची लागवड व विक्री सरकारच्या हाती ठेवण्यासाठी. व्यसनात बुडालेल्या माणसाला बरे करण्याचा विचार त्यांमागे नव्हता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने मात्र ४७ व्या कलमात, औषधी उपयोग वगळता, मादक पेये व आरोग्यास अपायकारक अमली पदार्थ यांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी झटणे हे राज्याचे कर्तव्य मानले.

१९८० नंतर गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉईन, मुंबईच्या गल्लीबोळांत शिरले आणि तरुण मुले त्याला बळी पडू लागली. जुने कायदे तोकडे पडले. तेव्हा संसदेने गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा कायदा केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, बालदिनी, अंमलात आला. व्यापाऱ्यांसाठी त्यात किमान दहा वर्षांची शिक्षा होती. स्वतःपुरती अल्प पूड बाळगणाऱ्यास शिक्षा सौम्य होती खरी. पण ती पूड स्वतःसाठीच होती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच शिरावर होता. व्यसनाने खंगलेल्या, निर्धन मुलाने हे कसे सिद्ध करावे? २००१ च्या दुरुस्तीने पदार्थाच्या प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरविल्या. हेरॉईनपुरते बोलायचे तर पाच ग्रॅमपर्यंत अल्प आणि अडीचशे ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण मानले गेले.

त्याच कायद्यात करुणेचाही एक धागा होता, हे फारसे कोणास ठाऊक नाही. व्यसनी आरोपीला कारावासाऐवजी, त्याच्या संमतीने, उपचारासाठी मुक्त करण्याचा अधिकार ३९ व्या कलमाने न्यायालयास दिला. ७१ व्या कलमाने उपचार केंद्रे स्थापण्याची मुभा सरकारला दिली. १९८९ मध्ये ६४-अ हे कलम आले. सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.

कायदा वाट दाखवितो. हात धरून नेणारे माणूस लागते. वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनचे कार्य आरंभिले. पुण्यात येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात, १९८६ मध्ये डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभे केले. सरकारने अनुदान द्यावे व स्वयंसेवी संस्थेने केंद्र चालवावे, ही पद्धत पुढे देशभर रूढ झाली.

तरीही दरी मोठी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणताही उपचार लाभतो. हुंगण्याच्या द्रव्यांचे सेवन तर प्रौढांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत अधिक आढळले. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले, पुढे ते सर्व जिल्ह्यांत नेण्यात आले. शाळा-महाविद्यालयांत जागृती हा त्याचा गाभा. १४४४६ ह्या दूरध्वनीवर मोफत सल्लाही मिळतो.

शिक्षेपासून शुश्रूषेकडे शासनाचा प्रवास मंदगतीने झाला, अजून तो पुरा झालेला नाही. पण ज्या भयाने आईवडील दार लावून घेतात, त्या भयावरचा उतारा १९८९ पासून कायद्याच्या पुस्तकातच आहे. तो घरोघरी पोहोचला नाही, हा दोष केवळ सरकारचा नव्हे, आमच्यासारख्यांचाही आहे. मुलगा उपचाराला निघाला, तर कायदा त्याच्या आड येत नाही. निदान आपण तरी आड येऊ नये.