बुळकांडीचा निरोप

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आम्हां मराठी जनांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल की, भारतातील पशुरोग-संशोधनाचा श्रीगणेशा पुण्यात झाला. ९ डिसेंबर १८८९ रोजी तेथील विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. निमित्त मुख्यतः बुळकांडीचे. ऐन पेरणीत बैलजोडी दगावली की शेत पडीक राही आणि कुणब्यास सावकाराचे दार गाठावे लागे.

अशा संसर्गजन्य रोगावरील प्रयोग भर वस्तीत करणे धोक्याचे. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. (पुण्याने ती गमावली, हे योग्यच झाले असे आम्ही म्हणू.) तेथे प्रथम प्रतिबंधक रक्तजल तयार झाले, परंतु त्याचे संरक्षण अल्पकाळच टिके. पुढे १९२७ च्या सुमारास जे. टी. एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन गुरांपुरता सौम्य केला. एकाच टोचणीने देशी गुरांस दीर्घकाळ संरक्षण लाभू लागले. संकरित गुरांस मात्र ही लस सोसत नसे. पेशीसंवर्धनाने केलेल्या लशीने ती अडचण नंतर दूर केली.

१९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. खेडोपाडी फिरून लस टोचणाऱ्यांची नावे इतिहासात क्वचितच सापडतात. दरम्यान बरेलीनजीक इज्जतनगर येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेस १९८३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९५ नंतर देशात बुळकांडी आढळली नाही. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये अवघे जग तिच्यापासून मुक्त झाल्याचे घोषित झाले. मानवाने पृथ्वीवरून समूळ घालविलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग.