राउटरच्या पसंतीची कुळकथा

इंटरनेटच्या एखाद्या मोठ्या नाक्यावर बसविलेल्या राउटरला त्याच्या दप्तरातील नोंदी दाखविण्याची आज्ञा केली, म्हणजे पडद्यावर ज्या ओळींमागून ओळी सरकू लागतात, त्यांत एकाच मुक्कामाला जाण्याच्या दोन, तीन, कधी पाच-सहा वाटा एकीखाली एक मांडलेल्या आढळतात. प्रत्येक ग्राह्य वाटेच्या आरंभी एक तारांकन असते, आणि त्यांपैकी एकीच्या, केवळ एकीच्याच, तारांकनाला लागून उजवीकडे तोंड केलेले एक कोनचिन्ह असते. ज्या ओळीला हे कोनचिन्ह लाभले ती वाट पसंत. बाकीच्या नुसत्या उमेदवार. आता त्याच ओळींवरून नजर उजवीकडे नेली, तर पसंत ठरलेल्या वाटेवर मध्ये चार जाळी लागतात आणि मागे पडलेल्या वाटेवर दोनच, असा प्रकारही पुष्कळदा दिसतो. यंत्र बिघडलेले नसते. जवळची वाट सोडून लांबची धरण्याची ही मुखत्यारी राउटरला कोणी आणि कोणत्या गरजेपोटी दिली, याचा इतिहास चार दशकांहून थोडाच अधिक जुना आहे.

या कुळाचा मूळपुरुष पसंती-नापसंतीच्या भानगडीत पडणारा नव्हता. १९६९ साली सुरू झालेल्या आर्पानेटमधील ‘इम्प’ नावाची यंत्रे, जी मॅसॅच्युसेट्समधील बीबीएन कंपनीने बांधली होती, सेकंदाच्या सुमारे दोन-तृतीयांश अवधीने शेजाऱ्यांना आपल्या अंदाजांचे तक्ते पाठवीत, आणि ज्या दिशेने कमीत कमी विलंब लागेल असे गणित निघे त्या दिशेने पॅकेट पुढे ढकलीत. १९७९ च्या मे महिन्यात ती रीत जाऊन, प्रत्येक यंत्राने साऱ्या जाळ्याचा नकाशा जवळ बाळगावा व त्यावरून स्वतः लघुतम वाट काढावी, अशी नवी रीत आली. गणित बदलले, हेतू बदलला नाही. विद्यापीठांच्या युनिक्स यंत्रांबरोबर पसरलेल्या ‘रिप’ या प्रोटोकॉलने तर केवळ मधले टप्पे मोजले: पंधरा टप्प्यांपर्यंतची जागा गाठण्याजोगी, सोळावा टप्पा म्हणजे अनंत, इतका तो सरळ हिशेब. या साऱ्या पद्धतींच्या मुळाशी एकच गृहीत होते, आणि ते म्हणजे जाळ्याचा धनी एक आहे, त्याअर्थी जी वाट एकाला सोयीची ती सर्वांनाच सोयीची.

हे गृहीत १९८२ च्या ऑक्टोबरात ढासळू लागले. बीबीएनमधील एरिक रोझेन यांनी आरएफसी ८२७ या क्रमांकाच्या टिपणात असे मांडले की इंटरनेट हे यापुढे एक जाळे न मानता अनेक स्वायत्त जाळ्यांचा समूह मानावा. प्रत्येकाने आपल्या हद्दीत आपला अंमल आपल्या रीतीने चालवावा, आणि हद्दीबाहेरच्या शेजाऱ्याला फक्त इतके कळवावे की अमुक मुलूख माझ्यामार्फत गाठता येतो. जुन्या संस्थानांनी आपापली मोजमापे व नाणी आपल्यापुरती चालवावी, तशी ही व्यवस्था होती. एका संस्थानातला कोस दुसऱ्याच्या कोसाबरोबरचा असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? या विचारातून निघालेल्या ईजीपी या प्रोटोकॉलमध्ये म्हणूनच दोन जाळ्यांनी सांगितलेल्या अंतरांची तुलना करण्याला काही अर्थ उरला नाही. शिवाय साऱ्या जाळ्यांची रचना झाडासारखी, मध्यवर्ती खोडातून फांद्या फुटाव्यात अशी असली पाहिजे, ही त्याची पूर्वअट होती. एका फांदीने दुसरीला परस्पर हात दिला की वाटा गोल फिरण्याचे भय.

आणि फांद्या तर परस्पर हात देऊ लागल्याच. १९८८ च्या जुलैत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे एनएसएफनेट हे जाळे तेरा केंद्रांनिशी नव्या, वेगवान स्वरूपात उभे राहिले. मिशिगनमधील मेरिट ही संस्था आयबीएम आणि एमसीआय यांच्या साहाय्याने ते चालवीत असे. त्याला ठिकठिकाणची प्रादेशिक जाळी जोडलेली होती, आणि त्यांतील काही एकाहून अधिक ठिकाणी जोडलेली होती. हे जाळे सरकारी पैशाने संशोधन व शिक्षण यांसाठी उभारलेले असल्यामुळे त्यावरून निव्वळ व्यापारी वाहतूक नेण्यास मज्जाव होता. म्हणजे वाट तांब्याच्या वा काचेच्या तारेने उपलब्ध असूनही कायद्याने बंद असू शकते, ही गोष्ट येथे प्रथम ठळकपणे पुढे आली, आणि ती कोणत्याही लघुतम गणितात बसणारी नव्हती. मेरिटने यावर जो उपाय केला तो अगदी कारकुनी थाटाचा होता: कोणत्या जाळ्याकडे जाणारी माहिती कोणत्या शेजाऱ्याकडून घ्यावी, तो बंद पडल्यास दुसरा कोण, तिसरा कोण, अशी क्रमवार यादी संस्थांनी लिहून द्यायची, ती मेरिटच्या दप्तरी दाखल व्हायची, आणि तीवरून राउटरांची फर्माने तयार व्हायची. राउटरच्या पसंतीचा जन्म शोधायचाच, तर मी तो या यादीत शोधीन. गणिताने जे कळत नव्हते ते माणसाने लिहून दिले.

पुढची हकीकत वारंवार सांगितली जाते. १९८९ च्या जानेवारीत टेक्सासमधील ऑस्टिन येथे इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सची बैठक भरली असता, सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर जेवणाच्या टेबलाशी बसले, आणि ईजीपीची जागा घेणाऱ्या नव्या प्रोटोकॉलचा आराखडा तीन रुमाली कागदांवर उतरला. तोच बीजीपी, जूनमध्ये आरएफसी ११०५ म्हणून तो प्रसिद्ध झाला. कागदाच्या रुमालांची गोष्ट चटकदार असली, तरी खरी करामत होती ती त्यावर लिहिलेल्या एका साध्या युक्तीत. प्रत्येक जाळ्याने वाटेची वार्ता पुढे देताना वाटेत लागलेल्या जाळ्यांच्या यादीला आपला क्रमांक जोडावा, आणि हाती आलेल्या यादीत आपलाच क्रमांक दिसला तर ती वार्ता टाकून द्यावी. एवढ्याने वाट गोल फिरण्याची भीती गेली, झाडासारख्या रचनेची सक्ती संपली, आणि कोणी कोणाशीही जोडून घ्यावे अशी मोकळीक मिळाली. पहिल्या आवृत्तीत मात्र जुन्या झाडाची सावली शिल्लक होती; दुवा वर जाणारा, खाली जाणारा की आडवा हे सांगावे लागे. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत हा वरखालीचा भेद काढून टाकला गेला.

पसंतीला स्वतंत्र जागा मिळाली ती १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत. ‘लोकल प्रेफरन्स’ नावाचा एक आकडा वाटेच्या नोंदीला चिकटवावा, तो ज्याचा मोठा ती वाट घ्यावी, आणि हा आकडा आपल्या हद्दीतील राउटरांपुरताच फिरावा, बाहेरच्या शेजाऱ्याला कळवू नये, असा हा नियम. काही न लिहिल्यास बहुतेक यंत्रे तो शंभर धरतात. जाळ्यांची यादी किती लांब, हा प्रश्न त्यानंतर, म्हणजे आकडे सारखे असतील तरच, विचारला जातो. आणि यातली मौज अशी की १९९५ च्या आरएफसी १७७१ मध्ये बरोबरी फोडण्याच्या नियमांत या लांबीचा उल्लेखच नव्हता. राउटर बनविणाऱ्यांनी ती वहिवाटीने मोजायला घेतली, आणि २००६ च्या आरएफसी ४२७१ ने त्या वहिवाटीला कायद्याचे रूप दिले.

हा आकडा कोणी कसा भरतो, हे मात्र पैशाच्या हिशेबावर ठरते. जे जाळे आपल्याला पैसे देते ते गिऱ्हाईक, ज्याच्याशी बिनपैशाची देवघेव चालते तो बरोबरीचा, आणि ज्याला आपण पैसे देतो तो पुरवठादार. साहजिकच गिऱ्हाइकाकडून आलेल्या वाटेला मोठा आकडा, बरोबरीच्याला मधला, पुरवठादाराला लहान. समजा, एका गिऱ्हाइकाला आपल्याकडे येणारी वाहतूक एका दुव्यावरून कमी करून दुसऱ्या पुरवठादाराकडून यावी असे वाटते. तो त्या दुव्यावरून वार्ता देताना आपलाच क्रमांक तीनदा-चारदा लिहितो, म्हणजे वाट लांब दिसावी. पण पलीकडच्या पुरवठादाराने त्याला गिऱ्हाईक म्हणून मोठा आकडा दिलेला असेल, तर ती चारदा लिहिलेली यादी कोणी पाहतच नाही, आणि वाहतूक पूर्वीच्याच दुव्यावरून येत राहते. एमसीआयने यावर १९९६ साली अर्जाची सोय केली: गिऱ्हाइकाने आपल्या वार्तेला ३५६१:७०, ३५६१:८० किंवा ३५६१:९० अशी खूण जोडायची, की एमसीआयचे राउटर तिला अनुक्रमे सत्तर, ऐंशी वा नव्वद आकडा देत. त्यांचा नित्याचा आकडा शंभर होता. हा शिरस्ता आरएफसी १९९८ मध्ये लिहिलेला आहे, आणि आजही बहुतेक मोठे पुरवठादार त्याचीच आपापली आवृत्ती चालवितात.

करार नसेल तर भूगोल काही करू शकत नाही, याचा दाखला आपल्याकडेही होता. भारतातील दोन पुरवठादारांत परस्पर देवघेव नसल्यामुळे त्यांच्या गिऱ्हाइकांमधील देशातल्या देशातली वाहतूक परदेशी जाऊन परत येई. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली, आणि मुंबईसह इतर शहरांत पुरवठादारांनी एकत्र येण्याचे नाके उघडले.

प्रत्येकाने आपल्या मर्जीने पसंती ठरविली तर सर्वांचे मिळून काय होईल, हा प्रश्न विद्वानांना पडला तो काहीसा उशिरा. १९९६ मध्ये वरदन, गोविंदन आणि एस्ट्रिन यांनी दाखविले की काही जाळ्यांच्या पसंती, एकेकट्या पाहिल्या तर निर्दोष असूनही, एकत्र आल्यावर वाटा कधीच स्थिर होऊ देत नाहीत. एकाने वाट बदलली म्हणून दुसरा बदलतो, दुसऱ्यामुळे तिसरा, आणि पुन्हा पहिला. मग इंटरनेट चालते कसे? याचे उत्तर २००१ च्या सुमारास लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड यांनी दिले: गिऱ्हाइकाला अग्रक्रम द्यावा, आणि बरोबरीच्याकडून वा पुरवठादाराकडून आलेली वाट फक्त गिऱ्हाइकांनाच सांगावी, एवढे सर्वांनी पाळले, आणि कोणी फिरून आपल्याच गिऱ्हाइकाचे गिऱ्हाईक झाले नाही, तर कोणाच्याही देखरेखीवाचून वाटा स्थिर होतात. व्यापाऱ्यांच्या स्वार्थाने नकळत गणिताची अट पुरी केली होती, हे वाचून मला आजही गंमत वाटते.

तरीपण या सगळ्या पसंतीच्या वर एक नियम आहे, आणि त्यापुढे कोणताही आकडा चालत नाही: पत्त्यांचा अधिक लहान, अधिक नेमका गट सांगणारी वाट नेहमी जिंकते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी सरकारी हुकमावरून देशात यूट्यूब बंद करताना पाकिस्तान टेलिकॉमने, यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांच्या गटातील २५६ पत्ते आपल्याकडे आहेत अशी वार्ता दिली. ती देशाबाहेर पीसीसीडब्ल्यू या पुरवठादारामार्फत निसटली, आणि जगातील बहुतेक राउटरांनी ती निमूटपणे स्वीकारली. यूट्यूबने सव्वा तासाच्या सुमारास तेच २५६ पत्ते, आणि मग त्यांचेही दोन अर्धे भाग जाहीर करून आपली वाहतूक परत ओढायला सुरुवात केली; पीसीसीडब्ल्यूने ती खोटी वाट मागे घेईपर्यंत सव्वादोन तास गेले होते.

अशा वार्तांची शहानिशा करण्याची रीत त्यानंतर ठरली. पत्त्यांच्या धन्याने सही करून दिलेल्या दाखल्याशी वार्ता ताडून पाहायची, आणि ती खरी, खोटी की दाखला नसलेली हे ठरवायचे. २०१३ च्या आरएफसी ६८११ मध्ये ही तपासणी तपशिलाने सांगितली आहे. खोटी ठरलेली वाट टाकून द्यावी, की नुसता तिचा आकडा कमी करावा, हा निर्णय मात्र त्या मसुद्याने प्रत्येक जाळ्याच्या चालकावर सोपविला आहे.