पावलाच्या दुखण्याचे मोजमाप : रुग्णप्रश्नावलीवर किती विसंबावे?

घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हाड जुळल्याचे क्ष-किरण चित्रात दिसते. मात्र जिना उतरताना कळ येते की नाही, हे रुग्णच सांगू शकतो. त्याचे हे सांगणे अंकांत मांडण्यासाठी रुग्णप्रश्नावली वापरल्या जातात. आमवाताच्या रुग्णांसाठी १९९१ मध्ये तयार झालेला २३ प्रश्नांचा ‘फूट फंक्शन इंडेक्स’ आणि २००५ मधील २९ प्रश्नांचे ‘फूट अँड अँकल ॲबिलिटी मेजर’ ही त्यांची परिचित उदाहरणे. उपचाराला गुण आला की नाही, हे या अंकांवरून ठरत असल्याने आधी मापकाचीच परीक्षा घ्यावी लागते.

विश्वसनीयतेची कसोटी

ज्याच्या प्रकृतीत फरक पडलेला नाही, अशा रुग्णाला तीच प्रश्नावली साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. अंतर फार कमी असेल तर आधीची उत्तरे आठवतात, फार जास्त असेल तर दुखणेच बदलते. दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ दाखवणारा गुणांक ०.७० किंवा अधिक असल्यास तो समाधानकारक मानतात.

तरीही प्रत्येक मापनात त्रुटी उरते. वरील २००५ च्या प्रश्नावलीत क्रीडाविषयक विभागातील ९ गुणांची सुधारणा रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. परंतु एकाच रुग्णाबाबत १२.३ गुणांपेक्षा कमी बदल हा मापनातील चढउतारही असू शकतो. म्हणजे दहा गुणांनी सुधारलेला रुग्ण खरोखर सुधारला, असे त्या आकड्यावरून खात्रीने म्हणता येत नाही.

वैधतेची कसोटी

सदोष तराजू दरवेळी तेच वजन दाखवील, पण ते चुकीचे असेल. म्हणून प्रश्नावली जे मोजायचे तेच मोजते का, हे स्वतंत्रपणे तपासतात. ‘अमेरिकन ऑर्थोपेडिक फूट अँड अँकल सोसायटी’ची १९९४ ची शंभर गुणांची पद्धत जगभर रुळली. तिच्या घोट्याच्या मापकात वेदनेला ४० गुण होते. पण त्यासाठी ४०, ३०, २० आणि ० अशा चारच पायऱ्या होत्या. एका उत्तराच्या फरकाने दहा-वीस गुण इकडचे तिकडे होत. अशा उणिवांमुळे पुढे संस्थेनेच ही पद्धत थांबवण्याची भूमिका घेतली.

मराठीतील अडचण

भाषांतर झाले की दोन्ही कसोट्या नव्याने घ्याव्या लागतात. मराठीत ‘पाय’ हा शब्द मांडीपासून बोटांपर्यंत चालतो. ‘पाय दुखतो का?’ या प्रश्नाला गुडघा दुखणारी आजी दोन्ही वेळा ‘हो’ म्हणेल. विश्वसनीयता उत्तम दिसेल, पण मोजला जाईल तो गुडघा. ‘पाऊल’, ‘टाच’, ‘घोटा’ असे नेमके शब्द म्हणूनच आवश्यक ठरतात. पदपथाची कड चढण्याचा प्रश्नही खेड्यात निरर्थक होतो. तेथे शेताच्या बांधावरून चालणे किंवा मांडी घालून बसणे अधिक बोलके ठरेल. यासाठी भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहतात आणि तीस-चाळीस जणांकडून प्रश्नांचा अर्थ समजून घेतात.

ही पडताळणी टाळली, तर चुकीच्या आकड्यांवरून एखाद्यावर अनावश्यक शस्त्रक्रिया होते, तर दुसऱ्याची खरी वेदना कागदावर उमटतच नाही.