शेल शॉक

शेल शॉक ही पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१९१८) ब्रिटिश सैन्यात रूढ झालेली संज्ञा आहे. तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडलेल्या किंवा दीर्घकाळ खंदकांत राहिलेल्या सैनिकांमध्ये, शरीरावर जखम नसतानाही, अंगाला कंप सुटणे, वाचा जाणे, दृष्टी नाहीशी होणे, स्मृतिभ्रंश, निद्रानाश व भयस्वप्ने अशी लक्षणे आढळत. त्या सर्वांना मिळून हे नाव पडले. आजच्या आघातोत्तर तणाव विकाराचा हा पूर्वावतार मानला जातो, मात्र दोन्ही संज्ञा तंतोतंत समानार्थी नाहीत. ही इजा मेंदूची की मनाची, हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहिला नाही. सैनिकाचा मान, त्याचे निवृत्तिवेतन आणि काही वेळा त्याचा जीवही त्याच्या उत्तरावर अवलंबून होता.

पार्श्वभूमी

सैनिकांचे मन खचणे ही नवी गोष्ट नव्हती. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांच्या छातीतील धडधडीविषयीचा जेकब दा कोस्टा यांचा अभ्यास १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. नाशिकजवळील देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने अडकलेले ब्रिटिश शिपाई सैरभैर होत. त्यावरून ‘डुलाली टॅप’ हा वेडासाठीचा शब्दप्रयोग इंग्रजी बोलीत शिरला; त्यातील ‘टॅप’ म्हणजे ताप. पश्चिम आघाडीवर मात्र परिस्थितीच वेगळी होती. सैनिकाला ना पुढे जाता येई, ना मागे; न दिसणाऱ्या शत्रूच्या तोफांखाली तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, बसून राहावे लागे.

संज्ञा आणि कारणमीमांसा

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली आणि ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आली. तिघांच्याही जवळ गोळे फुटले होते. तिघांची दृष्टी, गंध, चव व स्मृती यांवर परिणाम झाला होता, पण श्रवणशक्ती जवळजवळ शाबूत होती. केवळ स्फोटाच्या दणक्याने इजा झाली असती तर कान आधी बाधित व्हायला हवे होते. पुढे मायर्स यांचा कल मानसिक कारणांकडे झुकला आणि ‘शेल शॉक’ हे नावच चुकीचे आहे, असे त्यांचे मत बनले. याउलट फ्रेडरिक मॉट यांनी स्फोटाचा हादरा, मेंदूतील सूक्ष्म रक्तस्राव आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा यांवर भर दिला.

सैन्याने या वादावर प्रशासकीय तोडगा काढला. शत्रूच्या गोळ्याच्या स्फोटामुळे झालेला विकार ‘डब्ल्यू’ (जखमी), तर अन्य कारणाने झालेला ‘एस’ (आजारी) अशी नोंद होऊ लागली. पहिल्या गटाला बाहीवर जखमेची पट्टी व निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे. दुसऱ्याला दोन्ही नाही. थरथरणाऱ्या दोन माणसांत फरक एका अक्षराचा असे. जुलै १९१६ मध्ये सुरू झालेल्या सोमच्या लढाईत रुग्णांची संख्या प्रचंड वाढली. जून १९१७ मध्ये ही संज्ञा वापरण्यासच मनाई झाली आणि तिच्या जागी ‘अद्याप निदान न झालेला (मज्जाविकार)’ अशी नोंद आली. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यातील सुमारे ८०,००० जणांवर या विकारासाठी उपचार झाले होते.

उपचार

उपचारांत सैनिकाचा हुद्दा महत्त्वाचा ठरे. एडिंबराजवळील क्रेगलॉकहार्ट येथे अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय होते. तेथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स रुग्णांना भयानक आठवणी दडपण्याऐवजी त्यांविषयी बोलण्यास सांगत. निलगिरीतील तोडा जमातीवरील ग्रंथामुळे हेच रिव्हर्स भारतीय अभ्यासकांना मानववंशशास्त्रज्ञ म्हणून परिचित आहेत. कवी सिगफ्रीड ससून व विल्फ्रेड ओवेन १९१७ मध्ये याच रुग्णालयात होते. दोघेही बरे होऊन आघाडीवर परतले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, मारले गेले. लंडनमध्ये लुईस यिलँड यांनी वाचा गेलेल्या शिपायांवर विजेचे झटके व कठोर हुकूम यांचा प्रयोग केला. दरम्यान आघाडीजवळच विश्रांती, तत्काळ उपचार आणि बरे होण्याची खात्री देणे ही पद्धत रुजली. लष्करी मानसोपचारात ती आजही टिकून आहे. तिचा पहिला हेतू मात्र माणूस पुन्हा लढाईस उभा करणे हा होता.

देहदंड आणि माफी

वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे शिपाई हॅरी फार यांच्यावर १९१५ मध्ये सुमारे पाच महिने शेल शॉकसाठी उपचार झाले होते. हात इतके थरथरत की त्यांची पत्रे परिचारिका लिहून देई. पुढल्या वर्षी त्यांनी आघाडीवर जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयात त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. भ्याडपणाच्या आरोपाखाली ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कुटुंबीयांच्या दीर्घ लढ्यानंतर, २००६ च्या सशस्त्र दल कायद्याने पलायन, भ्याडपणा व तत्सम गुन्ह्यांसाठी देहदंड दिलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळाली. १९११ च्या भारतीय लष्कर कायद्याखालील अशा शिक्षांनाही ही तरतूद लागू आहे. मूळ दोषनिर्णय मात्र तिने रद्द होत नाही.

युद्धानंतर

ब्रिटिश सरकारच्या चौकशी समितीने १९२२ च्या अहवालात ही संज्ञा वगळण्याची शिफारस केली. नाव गेले तरी रुग्ण राहिले. निवृत्तिवेतन घेणारे माजी सैनिक दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरही होते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या व त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आग्रहामुळे अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकाराला अधिकृत निदानाचा दर्जा दिला. त्यात कारण सैनिकाच्या दुबळेपणात नव्हे, तर त्याच्यावर ओढवलेल्या प्रसंगात शोधले गेले.

इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत पेरलेल्या स्फोटकांमुळे मॉट यांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. २०१६ मध्ये डॅनियल पर्ल व सहकाऱ्यांनी स्फोटांना सामोऱ्या गेलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूंची तपासणी केली, तेव्हा मेंदूच्या निरनिराळ्या ऊतींच्या सीमारेषांवर विशिष्ट प्रकारचे व्रण आढळले. जिवंत रुग्णाच्या नेहमीच्या मेंदू-चित्रणात ते दिसत नाहीत.