पकडलेला बिबट्या सोडायचा कुठे?

शिवारात बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी ठरलेली असते. पिंजरा लावा, पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. पण लांब म्हणजे कुणाच्या दारात? पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे करून झालं आहे. त्याची गोष्ट आज सांगते.

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या राज्यात वाघ, बिबट्या, लांडगा मारून आणला की सरकार बक्षीस द्यायचं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांहून जास्त वाघ आणि दीड लाखाहून जास्त बिबटे मारले गेले, असं इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडलं आहे. त्याच काळात आपल्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर लोक वाघोबाला शेंदूर लावत होते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करत होते, आजही करतात. १९७२ साली कायदा आला आणि शिकार बंद झाली.

मग जुन्नरला कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाचं पाणी आलं, ऊस वाढला. वर्षभर उभ्या असलेल्या उसात बिबट्याला लपायला जागा, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं खायला. माद्या उसातच विऊ लागल्या. त्या पिल्लांना ‘जंगलात परत पाठवा’ म्हणायचं, तर त्यांनी जंगल पाहिलेलंच नाही.

१९९३ ते २००१ या काळात इथे माणसावर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. २००१ पासून बिबटे धरून हलवण्याचा धडाका सुरू झाला. त्यातले २९ लगतच्या जंगलांत सोडले. हल्ले कमी व्हायला हवे होते. ते वर्षाला सरासरी १७ वर गेले! विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना.

असं का व्हावं? बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो. माणूस कुठल्या वाटेने, किती वाजता जातो हे ओळखून तो टाळतो. पिंजऱ्यात धडका मारून बिथरलेलं जनावर परक्या रानात टाकलं, की तिथल्या वाटा त्याला ठाऊक नसतात. इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येऊन बसतो. ‘आजोबा’ नावाचा बिबट्या आठवतो का? त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो रेल्वेमार्ग, हमरस्ते ओलांडत जवळपास १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. वाटेत त्याने कुणाला काही केलं नाही.

ज्या आईचं लेकरू गेलं, तिला मी ‘सहजीवन’ असा शब्द ऐकवणार नाही. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याला पकडण्याचा, नाइलाज झाला तर मारण्याचा हुकूम द्यायला कायद्यातही वाट आहे, आणि ती असायलाच हवी. पण दिसला म्हणून धरलेल्या बिबट्याचं काय? तो पलीकडच्या खोऱ्यात सोडला, तर तिथल्या बायका पहाटे सरपणाला जातात. कायमचा कोंडला, तर माणिकडोहच्या केंद्रात जन्म काढायचा. जागा तिथेही मोजकीच. अलीकडे माद्यांच्या नसबंदीचीही मागणी होते आहे. मला विचाराल तर, आपला गाव मोकळा करताना धोका न विचारता दुसऱ्यांच्या पदरात टाकणं हा अन्याय आहे. त्यापेक्षा रात्री बंद गोठा, दाराशी दिवा आणि घराजवळ संडास यासाठी ग्रामसभेत भांडलेलं बरं.

आता ऊसतोडीत पिल्लं सापडली, की वनखात्याची माणसं ती तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येते, मानेला धरून एकेक उचलून नेते. न्यायला आली नाही, तर ती पिसाळून शिवारभर शोधत फिरण्याची भीती असते. त्याच शिवारात, उघड्या कोपीत, तोडणीवाल्या बाया लेकरं कुशीत घेऊन झोपलेल्या असतात. आज रात्री मादी येणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं असतं का?