राजुऱ्याच्या वह्या

आम्ही तिघं भावंडं जन्मलो एकाच घरातल्या एकाच खोलीत, पण तीन जिल्ह्यांत. थोरला भाऊ १९५४चा. त्याचा जिल्हा आदिलाबाद, राज्य हैदराबाद. मी १९५८चा. माझा जिल्हा नांदेड, राज्य मुंबई. धाकटी बहीण १९६१ची. तिचा जिल्हा चांदा, राज्य महाराष्ट्र. घर जागचं हललं नाही. राजुरा तालुकाच १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादेतून उचलून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली नांदेडातून काढून चांद्याला दिला गेला. चांद्याचं चंद्रपूर पुढे झालं.

हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, बाबांच्या वह्यांनी शिकवलं. बाबा शेतकरी, लिहिण्याचे हौशी. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत अकरा वह्या होत्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर गाव, तालुका, जिल्हा, तिथी आणि मजकूर कशासाठी लिहिला ते. "पोळ्याकरिता." "पाहुण्यांच्या लग्नाकरिता." "दंडारीकरिता." एका वहीवर जिल्हा आदिलाबाद, पुढच्या वहीवर नांदेड, त्यापुढच्यांवर चांदा. १९६०च्या पोळ्यासाठी त्यांनी लिहिलेली झडती अजून माझ्या तोंडात आहे :

आजा निजामाचा, बाप नांदेडचा, नातू चांद्याचा झाला,
बैल तेवढा जुन्याच गोठ्यातून पोळ्याले आला!

मी पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो आणि तेवढीच वर्षं लिहीत आलो. माझं एकही पुस्तक नाही. बाबांचंही नव्हतं. आमच्या भागात लिहिणाऱ्या माणसाचा इतिहास सांगायचा तर पुस्तकांच्या यादीतून सांगताच येत नाही, तो सणांच्या यादीतूनच सांगावा लागतो.

निजामाच्या राज्यात राजुऱ्याच्या पोराला मराठी मिळायची ती खालच्या वर्गांत. वरच्या वर्गांत उर्दू, कचेरीत उर्दू. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही शिक्षणाचं माध्यम उर्दूच. बाबा अर्ज उर्दूत लिहीत, पोथी मराठीत वाचत, बाजारात तेलुगूत भाव करत आणि शेजारच्या गोंड घरात गोंडीत बसून गप्पा मारत. त्यांची मराठी शाळेत नाही, भजनात वाढली. म्हणून त्यांच्या वहीत व्याकरणाच्या चुका पानोपानी सापडतात, तालाची एकही नाही.

वही आणायची तीही परमुलखातून. वर्धा नदी ही हद्द होती. अल्याड निजाम, पल्याड बल्लारपूर, म्हणजे इंग्रजांचा मध्यप्रांत. आमच्याकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार. सात हाली रुपये दिले तर सहा कलदार पडत. बाबा सांगायचे, "नदी उतरली की रुपया बारीक होते." त्याच बल्लारपुरात १९४५ साली कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. तिला बांबू लागे आणि बांबू होता आमच्या जंगलांत. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची सत्ता संपली, आणि त्यानंतर बाबांची पहिली जाड वही आली. ती बल्लारपूरच्या कागदाची होती असा त्यांचा हट्ट असे. मी कधी वाद घातला नाही. आपल्या डोंगरातला बांबू परत आपल्या घरी आला, असं वाटण्यात त्यांना आनंद होता.

आता हंगाम सांगतो. इथे लिहिणाऱ्याला "काय लिहितोस?" असं कुणी विचारत नाही. "काहून गा, औंदा झडत्या झाल्या का?" असं विचारतात.

आमचं लेखनाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. १४ एप्रिलसाठी भीमगीतं लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्यामुळे आमच्या भागातल्या गावोगावच्या गायन पार्ट्यांना वर्षात दोनदा नवी गाणी हवी असतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. ती लिहिणारे कोण? खाणीत पाळी करणारे, शाळेतले शिपाई, वीटभट्टीवरचे. सास्तीच्या खाणीतला माझा एक सोबती रात्रपाळीहून येताना बसमध्ये डोळे मिटून बसायचा. मला वाटे झोपला. तो कडवं जुळवत असायचा आणि उतरताना तिकिटाच्या पाठीवर दोन ओळी लिहून मागायचा, कारण हात कोळशानं भरलेले.

वैशाखात मंगलाष्टकं. हे काम फुकटाचं आणि जिकिरीचं. वर, वधू, दोघांचे आईवडील, मामा, आजोबा, सगळ्यांची नावं शार्दूलविक्रीडितात बसवायची. एखाद्या मामाचं नाव वृत्तात बसलं नाही तर तो जेवायला बसत नाही. मृग लागला की पेरणी, मग लेखणी बंद. हा काळ मी फक्त ऐकण्यात घालवी. पावसाळ्यात बसमध्ये माणसं कमी, बोलणं जास्त.

खरा कस लागतो तो श्रावणी अमावास्येला. पोळ्याच्या संध्याकाळी सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटेपर्यंत झडत्या चालतात. एकानं म्हटली की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. सुरुवातीचं देवाचं नमन ठरलेलं, मधला मजकूर दरवर्षी नवा. त्यात खताचा भाव येतो, सोसायटीचा सचिव येतो, न आलेला पाऊस येतो, निवडून आलेला आणि पडलेला दोघेही येतात. दोन ओळींत माणूस उभा करायचा आणि तिसरीत पाडायचा. हे ज्याला जमलं त्याला मी लेखक म्हणतो. पण झडतीला लेखकाचं नाव नसतं. सकाळी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, तेव्हा तीच झडती त्यांच्या तोंडी असते, आणि ज्यानं लिहिली तो ओसरीवर बसून आपलीच ओळ ऐकत त्यांना पैसे देत असतो.

भाद्रपदात गणपतीची नाटुकली, अश्विनात कोजागिरीला दूध आणि कविता. मग दिवाळी.

दिवाळीत आमच्या तालुक्याचे दोन रस्ते होतात. एक पहाडावर जातो, गडचांदूरवरून जिवतीकडे. जिवती तालुका पूर्वी राजुऱ्यातच होता. तिथं गोंड आणि कोलाम गुड्यांवर दंडारी निघते. मोरपिसांचे भलेमोठे मुकुट घातलेले गुसाडी नाचतात आणि एका गुड्याची दंडारी दुसऱ्या गुड्याच्या पाहुणचाराला जाते. माझी मुक्कामी गाडी अशा गावात थांबली की ड्रायव्हर टपावर झोपायचा आणि मी ढोलाकडे जायचो. तिथंच एका परधान म्हाताऱ्याकडून मी किंगरी ऐकली. परधान हे गोंडांचे कथेकरी. यजमानाच्या दारी जाऊन त्याच्या कुळाची, देवांची कथा गायची, हा त्यांचा पिढीजात हक्क. १९४०च्या दशकात महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात राहिलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकानं आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई गावात राहून या कथा टिपून घेतल्या आणि १९४८ साली त्याचं पुस्तक छापून आलं. तेव्हा राजुरा त्याच जिल्ह्यात होता. म्हणजे आमच्याकडचं सर्वांत जुनं वाङ्मय पहिल्यांदा छापलं गेलं ते इंग्रजीत. त्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "बाबा, हे लिहून काहून नाही ठेवत?" तो म्हणाला, "लिहिलं तर मले कोन बोलावन?"

याच पहाडावरची चौदा गावं महाराष्ट्र आणि पलीकडचं राज्य, दोन्हीकडे वर्षानुवर्षं मतदान करत आली. एकाच गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. मी तिथं तिकीट मराठीत फाडायचो आणि सुट्टे पैसे तेलुगूत परत करायचो.

दुसरा रस्ता ईशान्येला झाडीपट्टीत जातो. ब्रह्मपुरी, नागभीड, पुढे वैनगंगेपल्याड वडसा, आरमोरी, कुरखेडा. तो धानाचा मुलूख. दिवाळीच्या मागेपुढे धान कापून होतं, हातात पैसा येतो, दिवस मोकळे होतात. मग मंडई भरते, शंकरपट भरतो आणि पटाच्या रात्री नाटक होतं. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडता उजाडता पडतो. होळीपर्यंत हा हंगाम. वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, गावकरी तिथं जाऊन नाटक ठरवतात. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळतात. आमच्याकडे कापूस. त्याची वेचणी दिवाळीला सुरू होते ती संक्रांत उलटली तरी संपत नाही. बाया दिवसभर वेचून रात्रभर जागणार कशा? म्हणून आमच्याकडे नाटकं गणपतीतली, छोटी. रात्रभराच्या नाटकासाठी आम्ही झाडीत जायचो. जमिनीत काय पिकतं त्यावर माणसं कधी आणि किती लांबीचं लिहितात ते ठरतं, हे मला कंडक्टरकीनं दाखवलं.

पुण्या-मुंबईच्या लेखकालाही हंगाम असतोच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून तिकडची लेखक मंडळी आषाढ-श्रावणात दिवाळीचं लिहितात. फरक एवढाच, की तिकडचं लेखन दिवाळीला छापून येतं, आमचं रात्री उभं राहतं आणि सकाळी विझतं.

मीही एक मोठं नाटक लिहिलं. १९९३च्या उन्हाळ्यात, मुक्कामी गाडीच्या मागच्या बाकावर, रद्द झालेल्या वे-बिलांच्या पाठीवर. गोष्ट खाणीत जमीन गेलेल्या दोन भावांची. झाडीतल्या एका मंडळीला वाचून दाखवलं. त्यांना आवडलं, त्यांनी नकला उतरवून घेतल्या, म्हणजे प्रत्येक पात्राचं भाषण वेगळं लिहून घेतलं, आणि मूळ वही "देतो नंतर" म्हणून ठेवली. दोन हिवाळ्यांनंतर एका मंडईत तिकीट काढून बसलो तर रंगमंचावर माझेच दोन भाऊ भांडत होते. नाटकाचं नाव वेगळं, लेखक वेगळा, आणि मध्ये दोन लावण्या घातलेल्या. मी उठून गेलो नाही. तिसऱ्या अंकात आईचं भाषण सुरू झालं तेव्हा शेजारची म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. तिला सांगावंसं वाटलं, आणि सांगितलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री मला रागापेक्षा आनंदच जास्त झाला. राग पुढे आला, जेव्हा माझ्याकडे त्या नाटकाची एकही प्रत नाही हे लक्षात आलं.

चंद्रपुरात मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७९ला वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष, २०१२ला वसंत आबाजी डहाके. दुसऱ्याला मी रजा टाकून गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो, पिशवीभर पुस्तकं आणली. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशे वेगवेगळ्या भूमिका. बातमी वाचून मी मोठ्यानं ओरडलो, तर नात धावत आली. मग मनात हिशेब सुरू झाला. आठशे भूमिका म्हणजे त्यांच्या मागे शेकडो नाटकं. ती कुणीतरी हातानं लिहिलेली. त्या वह्या कुठं असतील?

कुठं असतात ते मला ठाऊक आहे. २०२२च्या पावसाळ्यात वर्धेला पूर आला, राजुरा-बल्लारपूर वाहतूक बंद पडली आणि आमच्या मागच्या खोलीत कमरेएवढं पाणी शिरलं. बाबांच्या अकरा वह्यांपैकी चार हाती लागल्या. शाईच्या बोरूनं लिहिलेलं धुऊन गेलं होतं, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं राहिलं. बाकीच्या घरांत हे काम वाळवी करते, नाहीतर रद्दीवाला.

त्या चार वह्यांत कविता म्हणून थोर असं फारसं काही नाही, हे मी त्यांचा मुलगा असूनही सांगतो. बाबांची भजनं दुसऱ्यांच्या चालीवर, यमकं ओढूनताणून. झडत्या मात्र पक्क्या. आणि झडत्यांपेक्षाही मोलाचं आहे ते पहिलं पान. गाव, तालुका, जिल्हा, तिथी, कशासाठी. त्या एका पानामुळे आज माझ्या नातीला कळतं, की या घरात १९५८च्या पोळ्याला माणसं कशावर हसली आणि तेव्हा ती कुठल्या जिल्ह्यात राहत होती.

२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. पण अभिजात भाषेचे पुरावे शिलालेखांत शोधतात, तसे ते माळ्यावरच्या ट्रंकेतही शोधावेत असं मला वाटतं. राजुरा, कोरपना, जिवती, गोंडपिपरीकडच्या, किंवा झाडीतल्या कुणाच्याही घरी आज्याची, बापाची, काकाची नाटकाची वही, झडत्यांचं चोपडं, भीमगीतांचे कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका. मोबाइलवर पानापानाचा फोटो काढून ठेवा, एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. आणि तुम्ही स्वतः लिहीत असाल तर पहिल्या पानावर गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि कशासाठी लिहिलं ते टाका. शिसपेन्सिलीनं.